स्थानिक मुद्दे, असल्यास

वाणगावच्या बाजारातून आणलेल्या मिरच्यांची देठं काढता काढता प्रभा सावेने फोन खांद्याला धरला, पलीकडून शैलेश काय सांगतोय ते अर्धंमुर्धं ऐकलं आणि “हो हो, पाठवते की” म्हणून टाकलं. फोन बंद झाला. पुढच्या चार-पाच मिरच्या झाल्यावर तिचा हात थांबला. हा हो आपला नव्हे, असं तिला वाटलं. आवाज आपला, पण हो दुसऱ्या कुणाचा तरी. तो तिने आधी ऐकला होता, एकदा-दोनदा नव्हे, नोकरीची सत्तावीस वर्षं ऐकला होता, तलासरीकडच्या पाड्यांवर, शेणाने सारवलेल्या ओट्यांवर. समोरच्या माणसाने आता उठावं, त्याचंही काम झाल्यासारखं दिसावं आणि आपली चूल विझू नये, एवढ्यासाठी दिलेला हो. त्या होला एक चाल असायची. पहिला आखूड, दुसरा जरा ओढलेला आणि शेवटी ‘की’ किंवा ‘ना’ असं काहीतरी शेपूट. आज ते शेपूट तिच्याच तोंडातून निघालं होतं. तिला हसू आलं. हसता हसता तिने त्याच हाताने डोळा चोळला आणि पुढची दहा मिनिटं नळाखाली गेली.

डोळ्यावर ओला पदर धरून बसल्यावर शैलेशचं बोलणं तिने पुन्हा जुळवून पाहिलं. शैलेश म्हणजे डहाणूच्या ट्रस्ट रुग्णालयातला रक्त तपासणारा डॉक्टर आणि तिथल्या नैतिकता समितीचा सचिव. माणसांवर कुठलाही अभ्यास करायचा असला, नवी गोळी म्हणा, नवी तपासणी म्हणा, तर आधी या समितीने कागद वाचून यात कुणाला अकारण धोका नाही, कुणाची फसवणूक नाही, असं म्हणावं लागायचं. प्रभा निवृत्त झाल्यापासून या समितीवर होती. सभासदांच्या यादीत तिच्या नावापुढे ‘सामान्य व्यक्ती’ असं छापलेलं होतं. डॉक्टर नाही, वकील नाही, प्राध्यापक नाही, अशी एक तरी व्यक्ती समितीवर असावी असा नियमच होता, आणि एवढ्या मोठ्या गावात अधिकृत सामान्य आपण एकट्याच, याची तिला मनातून गंमत वाटायची. आता शैलेश म्हणाला होता, “मॅडम, शुक्रवारची मीटिंग रद्द. सिकलसेलचा तो सात सेंटरचा अभ्यास मुंबईच्या मुख्य समितीने सगळ्यांसाठी एकदमच पास केलाय. आता प्रत्येकाने वेगळं बसायचं नाही. एका पानाचा फॉर्म पाठवतोय, सामान्य सदस्याने भरायचा. स्थानिक मुद्दे असले तर लिहा, नसले तर ‘नाही’ लिहून सही ठोका. गुरुवार संध्याकाळपर्यंत.” म्हणजे विचार करून झाला होता. मुंबईत, एकदाच, सातही ठिकाणांचा. आपल्या वाटणीचा विचार कुणीतरी परस्पर उरकून टाकला म्हणून राग यायला हवा होता, पण प्रभाला कुतूहलच वाटलं: आपण विचार करायचो म्हणजे नक्की काय करायचो?

त्याचाही हिशेब तिच्या डोक्यात तयार होता; माणसांची नोंद ठेवायची खोड तिला नोकरीने लावली होती. मीटिंगला सात जण. त्यातला मनिष वकील दर अभ्यासाला एकच प्रश्न विचारायचा, “इन्शुरन्स आहे का?”, आणि उत्तर मिळालं की खारी चहात बुडवायचा. प्राध्यापकबाई संमतीपत्रातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायच्या. दोन डॉक्टर एकमेकांकडे न बघता सहमत व्हायचे. मागे सापाच्या विषाचा एक अभ्यास आला होता, सहा ठिकाणी चालायचा होता. सहा समित्यांनी एकाच वाक्यात सहा दुरुस्त्या सुचवल्या, संशोधक एकीचं ऐकायला गेला की दुसरी रुसायची, आणि नऊ महिने कागद फिरत राहिले. त्या नऊ महिन्यांत साप काही थांबले नव्हते. त्यामुळे एका जागी बसून एकदाच नीट वाचावं, यात खोट काढायला तिला जागा दिसेना. मुंबईच्या लोकांनी खरंच नीट वाचलंही होतं. शैलेशने पाठवलेली पानं तिने दुपारभर चाळली: गोळी जुनीच, तिचा कमी डोस पुरतो का ते बघायचं, वर्षभर औषध फुकट, महिन्याला रक्ततपासणी, येण्याजाण्याला गाडी. गोळीने रक्तातल्या पेशी उतरू शकतात, म्हणून तपासणी चुकवायची नाही, हे ठळक अक्षरात. सगळं जिथल्या तिथे. शेवटी तो एक पानाचा फॉर्म. ‘सहभागी व्यक्ती माहिती समजून घेऊन स्वेच्छेने होकार देऊ शकतील का?’ पुढे दोन चौकटी. त्याखाली दोन बोटं रुंदीची रिकामी जागा आणि तिच्यावर लिहिलेलं: स्थानिक मुद्दे, असल्यास.

‘असल्यास’ हा शब्द तिला ओळखीचा होता. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका असताना तिच्याकडे डझनभर रजिस्टरं होती आणि प्रत्येकात शेवटचा रकाना ‘शेरा, असल्यास’ असा होता. त्या रकान्यात कुणी काही लिहीत नसे, कारण लिहिलं की वरून कुणीतरी वाचायचं आणि वाचलं की विचारायचं. फार वर्षांपूर्वी, ती नोकरीत नवी असताना, कमी वजनाच्या मुलांना एकवीस दिवस आरोग्य केंद्रात ठेवायची मोहीम निघाली होती. खांबपाड्यावर एका बाईचा मुलगा त्यात बसत होता. बाई दारात उभी, कडेवर ते पोर, पदराआड एक पाच-सहा वर्षांची काटकुळी मुलगी. प्रभाने समजावलं, बाई म्हणाली, “हो, येन ना.” रजिस्टरात लिहिलं, पालक तयार. जीप गेली, घराला बाहेरून काठी लावलेली. पुन्हा गेली, पुन्हा “हो, येन ना”, पुन्हा पालक तयार, पुन्हा काठी. तिसऱ्या खेपेला साहेब प्रभावर ओरडला आणि प्रभा त्या बाईवर. बाईने तोंडाला पदर लावला आणि आत जाऊन एक मोठी काकडी आणून प्रभाच्या हातावर ठेवली. रजिस्टरात काकडीला रकाना नव्हता. त्याच आठवड्यात शेजारच्या घरातली दुसरी एक आई पोराला घेऊन खरंच आली, तेव्हा प्रभाच्या लक्षात आलं, हिने जीप यायच्या आदल्या दिवशीच आपल्या बकऱ्या जावेच्या दावणीला नेऊन बांधल्या होत्या. हो दोघी एकाच चालीत म्हणाल्या होत्या. फरक बकऱ्यांत होता. तेव्हापासून ती होच्या मागे काय उभं आहे ते बघायला शिकली, आणि सत्तावीस वर्षांत तिने होचे जे प्रकार जमवले ते कुठल्याच रजिस्टरात आले नाहीत: दार अडवून दिलेला हो, बसायला बाज ओढून दिलेला हो, दुसरीकडे बघत कोंबड्यांना हुसकावता हुसकावता दिलेला हो, नवरा समोर असताना आणि नसताना दिलेले दोन वेगळे हो. खरा हो बहुतेक वेळा कुरकुरत यायचा. गोड होवर तिचा विश्वास बसत नसे. त्या काटकुळ्या मुलीचं नाव काळी. पुढे ती त्याच पाड्यात नांदायला राहिली, सुक्याची बायको झाली, आणि संशोधकांनी कच्ची यादी पाठवली होती तिच्यात चौथं नाव तिचं होतं. वय चौतीस, सिकलसेल, वर्षातून पाच-सहा वेळा सांधे आवळतात, तेव्हा उठता येत नाही.

बुधवारी सकाळी ती डॉक्टर कीर्तीच्या गाडीत बसली. कीर्ती या अभ्यासाची इथली प्रमुख, नाशिकची, तिशीची, बूट चिखलाचे झाले तरी तक्रार न करणारी. तिला खांबपाड्यावर जाऊन लोकांना माहिती सांगायची होती, आणि प्रभाने शैलेशला फोन करून “मी नुसती बघायला जाते” म्हटलं होतं. तलासरीच्या नाक्यावर हायवेच्या गाड्यांनी उडवलेला चिखल काचेवर बसला, वायपरने त्याचा पंखा केला. “मॅम, तुम्हाला काही शंका आहे का?” कीर्तीने विचारलं. “शंका नाही गं, सवय आहे,” प्रभा म्हणाली. कीर्ती हसली. मग जरा वेळाने स्वतःहूनच म्हणाली, “तुम्हाला सांगते, आम्ही काठावर आहोत. ह्या सेंटरला कमीत कमी वीस पेशंट लागतात. वीसच्या खाली गेलं की सेंटर रद्द, मग एकालाही घेता येत नाही. पण यादीत एकतीस आहेत आणि गेल्या वेळी एकानेही नाही म्हटलं नाही.” “एकानेही नाही?” “एकानेही नाही,” कीर्ती अभिमानाने म्हणाली. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना भात पोटरीला आला होता, हिरवा इतका की डोळ्यात कालची मिरची पुन्हा चुरचुरली. एकतीसपैकी एकतीस. प्रभाच्या साहेबाला असे आकडे फार आवडायचे. शंभर टक्के लिहिलेलं पान त्याने कधी उलटून पाहिलं नाही.

पाड्यावर अंगणवाडीच्या ओट्यावर माणसं जमली. कीर्तीने फार चांगलं सांगितलं. रक्ताच्या पेशीचं चित्र दाखवलं, कोयत्यासारखी वाकडी पेशी कशी अडकते ते बोटांनी करून दाखवलं, नको असेल तर स्पष्ट नको म्हणा, कुणी रागावणार नाही, इतर उपचार थांबणार नाहीत, हे तीनदा सांगितलं. मुंबईच्या समितीने हेच सांगायला लावलं होतं. प्रभा खांबाला टेकून बसली आणि लोकांचे चेहरे बघत राहिली. माणसं कीर्तीकडे माया वाटल्यासारखी बघत होती. ही पोर एवढी उन्हापावसाची आली, घसा कोरडा करून बोलते, तिचं मन कशाला मोडायचं? “मग, तयार आहात ना सगळे?” “हो ना.” “जमेल ना दर महिन्याला?” “जमंल की.” काकड्या नावाचा एक म्हातारा तर दोन्ही वेळा हो म्हणाला, पुढचा प्रश्न येण्याआधी तिसऱ्यांदाही म्हणाला, आणि सगळी हसली. कीर्ती यादीवर खुणा करत होती. आपण नोकरीत असतो तर आपणही केल्या असत्या, प्रभाच्या मनात आलं. पेन चालतं तेव्हा कान बंद असतात. कीर्ती पाणी प्यायला थांबली तशी प्रभा सरकून बायकांच्या बाजूला गेली आणि कुणालाही येशील का असं न विचारता सहज म्हणाली, “महिन्यातून एक अख्खा दिवस डहाणूला जायचा. भात उभं आहे. बकऱ्या कोण बघेल गं?”

कीर्तीच्या प्रश्नांना उत्तरं पटापट आली होती. ह्या प्रश्नाला विचार करावा लागत होता. एका बाईने शेजारणीकडे बघितलं. दुसरी म्हणाली, “बघू ना तवां.” एक तरणा बाप्या म्हणाला, “पुढच्या महिन्यात मी बोटीवर जानार, वरोरला,” आणि आपण असं मोठ्याने बोललो याचंच त्याला नवल वाटलेलं दिसलं. “मग गोळ्या?” प्रभाने विचारलं. “गोळ्या घेऊन जान की संगती.” म्हणजे गोळी खाणार, आणि रक्त तपासायला येणार नाही. डॉक्टरीणबाईचं मन राखायला गोळी तेवढी प्रामाणिकपणे खाणार. तिने गुडघ्यावर बोटांनी मोजायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे उत्तर तयार होतं ते आधी एका हाताच्या बोटांवर मावले, मग दुसऱ्या हातावर गेले आणि तिथे नऊ-दहावर अडखळले. काकड्याने बकऱ्यांचं नाव काढताच सांगितलं, “मना एकच बकरी हाय. ती माझे संगच येल,” आणि तो ते गंमत म्हणून बोलला नव्हता.

काळी ओट्यावर आली नव्हती, तिच्या घरी जावं लागलं. ती उंबऱ्याशी पाय लांब करून बसली होती, घोट्याला पाला बांधलेला. पाड्यातली माणसं सगळ्यांना तू म्हणतात, साहेबालाही. प्रभाला त्याची सवय होती, कीर्तीला अजून दर वेळी जरा दचकायला व्हायचं. “बाई, तू अजून जिती?” काळी म्हणाली. “आहे बाबा.” “मना वाटला तुना रिटायर केला म्हंजे संपला.” प्रभा म्हणाली, “बकऱ्या कुठं गं तुझ्या?” आणि काळीने कुरकुर सुरू केली. नणंदेला निरोप धाडलाय, ती शनिवारी येणार, वर्षभर राहणार म्हणते, पण तिला भाकरी जाड लागते आणि ती रेडिओ लावून झोपते. बकऱ्या तिच्या हवाली. सुक्या बोटीवर गेला की पैल्या तपासणीचं त्याला सांगायचं नाय, नाहीतर तो बोटीवरून दहादा फोन करील. रक्त डाव्या हाताचं घ्या, उजव्याने सांजच्याला दळायचं असतं. “एवढी किरकिर आहे तर कशाला येतेस?” प्रभाने मुद्दामच विचारलं. काळीने तिच्याकडे बघितलं. “हाडां दुखतात तवां मी भिंतीला दातांनी चावलीय,” ती म्हणाली आणि भिंतीकडे बोट केलं. कुडाच्या सारवणावर, बसल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, खरंच दोन ओळी होत्या. नणंदेच्या रेडिओइतक्याच साध्या आवाजात ती हे बोलली. परतताना गाडीत बसून कीर्तीने बुटांचा चिखल झटकला. मग म्हणाली, “मॅम, हे तुम्ही लिहिणार का?” प्रभा म्हणाली, “तुला काय वाटतं, वीस निघतील?”

घरी आल्यावर फॉर्म समोर ठेवून ती बसली तेव्हा चार वाजले होते. बाजूच्या चौकटीत ‘हो’वर खूण करायची, दोन बोटांच्या जागेत ‘नाही’ लिहायचं, एवढंच काम. मग काळीला गोळी मिळणार होती, डाव्या हातातून रक्त जाणार होतं, नणंद रेडिओ लावून झोपणार होती. आणि त्याबरोबर दहा-पंधरा जण घरी गोळी खाणार होते, नंतर बोटीवर, वीटभट्टीवर, गुजरातेत कुठेतरी, पेशी उतरत जाणार आणि कुणी बघणार नाही; कागदावर मात्र त्यांचा अंगठा असणार, ‘समजून, स्वेच्छेने’. दोन्ही बाजू तिने आडव्या-उभ्या मांडून पाहिल्या. हे गणित तिला सुटण्यासारखं वाटेना, आणि न सुटणाऱ्या गणितात तिला जे कुतूहल वाटायचं तेही आज जरा लाजल्यासारखं झालं होतं, कारण त्या गणितात भिंतीवरच्या दातांच्या दोन ओळी होत्या. आपण काही लिहिलं नाही तर कुणालाच कळणार नाही, हा विचार आला आणि त्याच्या पाठोपाठ पालक तयार, पालक तयार, पालक तयार हे तिचंच तिरकं अक्षर आलं. तिने लिहिलं. जागा पुरेना म्हणून कागद फिरवून समासात लिहिलं: इथे दारी आलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. पहिल्या भेटीतला हो धरू नये. आठ दिवसांनी दुसरी भेट घ्यावी, घरोघर, आणि त्या दिवशी बकऱ्या कोण बघेल, मुलं कोण बघेल, पुढचे सहा महिने कुठे असाल, हे विचारावं. उत्तर असेल त्याचाच अंगठा घ्यावा.

“मॅडम,” शैलेश फोनवर म्हणाला, “बकऱ्या?”

“बकऱ्या.”

“मुंबईला पाठवू हे? असंच?”

“स्थानिक मुद्दा आहे. असल्यास लिहा म्हणाले होते.”

गुरुवारी दुपारी मुख्य समितीने तिला पडद्यावर बोलावलं. नऊ चेहरे नऊ चौकटींत. एकाच्या मागे पुस्तकं, एकाच्या मागे पंखा, एकजण बहुतेक जेवत होता. अध्यक्ष पांढऱ्या मिशीचे, सौम्य. हे लोक हसतील असं प्रभाने धरलं होतं. हसले नाहीत, आणि त्याने तीच जरा गोंधळली. एका बाईंनी विचारलं, “या पद्धतीला काही आधार आहे का? प्रकाशित असं?” “प्रकाशित नाही. सत्तावीस वर्षं आहेत,” प्रभा म्हणाली. दुसरे एकजण म्हणाले, “पण मग हे सातही ठिकाणी लावायला हवं. एका ठिकाणी वेगळं कसं?” मग त्यांच्यात पाच मिनिटं इतर केंद्रांवर बकऱ्यांऐवजी काय असेल याची चर्चा झाली, कुणी कापडगिरणीची पाळी म्हणालं, कुणी परीक्षा. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे केलं की प्रभाला ते आवडूनच गेले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “सावे मॅडम, हे आम्हाला इथून दिसलं नसतं. पण एक विचारतो. दुसऱ्या भेटीनंतर आकडा वीसच्या खाली गेला, तर ज्यांना खरंच यायचंय त्यांचंही जाईल. आम्हाला तो आकडा बदलता येत नाही, त्याखाली निष्कर्षच निघत नाही. तुमची तयारी आहे?” नऊ चेहरे तिच्याकडे बघत होते. माझी तयारी, तिच्या मनात आलं. गोळी मी खाणार नाही आणि हाडंही माझी दुखणार नाहीत. तयारी विचारायची तर काळीला विचारायला हवी, आणि तिला हे पडद्यावरून विचारता येत नाही. “माझ्या तयारीने काय होतं?” ती म्हणाली. “तरी लिहून घ्या. दुसरी भेट घ्याच.” त्यांनी लिहून घेतलं. दुसरी भेट फक्त डहाणू केंद्रासाठी मंजूर झाली. बाकीच्यांचं पुढे बघू, असं ठरलं.

पुढच्या आठवड्यात कीर्ती घरोघर गेली. प्रभा मुद्दामच गेली नाही. कीर्तीने नंतर सांगितलं की दुसऱ्या खेपेला लोक तिच्याशी जास्त बोलले; एकीने दोन तास आपल्या सासूबद्दल सांगितलं, एकाने गोळीची पट्टी वास घेऊन परत दिली, आणि अठरा जणांनी, नाही असं न म्हणताच, नाही म्हटलं. तेरा राहिले. तेरांत काळी होती. शुक्रवारी दुपारी केंद्र रद्द झाल्याचं पत्र आलं, दोन ओळींचं, आभार मानणारं. शैलेश म्हणाला, “पाड्यावरच्या आशा कार्यकर्त्या फोन करून कळवतील त्यांना. तुम्ही कशाला धावपळ करता?” आशाताईंनी कसं कळवलं असतं ते प्रभाला तोंडपाठ होतं: सध्या थांबलंय, वरून आलं की सांगू. हे सरकारी भाषेतलं तेच, कोंबड्यांना हुसकावता हुसकावता दिलेलं उत्तर. शनिवारी सकाळी ती तलासरीच्या बसमध्ये बसली आणि नाक्यावरून शेअरच्या इको गाडीने खांबपाड्याला गेली. वाटेत तिने वाक्यं जुळवली, मोडली. जुळवलेली सगळी वाक्यं मऊ होती. एकही तिला पुढे नेता येईना.

काळी अंगणात होती, पाय जरा बरा दिसत होता. कुडाच्या खुंटीला प्लास्टिकची पिशवी, आत आधारची प्रत, जुने रिपोर्ट, सगळं घडी घालून. नणंद आली होती, ओट्यावर तांदूळ पाखडत बसली होती. बकऱ्या तिच्या पायाशी. “आली?” काळी म्हणाली. “कदी काढाचा रगत?”

“नाही काढायचं,” प्रभा म्हणाली. “बंद झालं इथलं.”

“बंद?”

“वीस माणसं लागत होती. तेराच निघाली.”

“पैलं तर आखी होती.”

“ती नुसती हो म्हणाली होती.”

काळीने यावर विचार केला. नणंदेचं सूप थांबलं. “मी तर खरा बोलली,” काळी म्हणाली.

“तू खरं बोललीस. तेरा जण खरं बोलले. पण तेरांवर त्यांचं भागत नाही.” आणि मग, ती थांबली तर पुन्हा मऊ वाक्य येईल या भीतीने, प्रभाने उरलेलंही सांगून टाकलं. “दुसऱ्यांदा विचारा असं मीच लिहिलं होतं. नसतं लिहिलं तर आज तुझी गोळी सुरू झाली असती. बाकीच्यांनी गोळ्या खाल्ल्या असत्या आणि तपासायला आले नसते, म्हणून लिहिलं. तुझी जाणार हे मला ठाऊक होतं.”

काळी तिच्याकडे बघत राहिली. रागाची वाट बघत प्रभा उभी होती, कारण राग तिला कळला असता, कुठल्या तरी रकान्यात बसला असता. काळीच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याच्या पुढे दुसरंच काही होतं. बाजारात न पाहिलेली वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करावी तसं ती प्रभाला बघत होती. “नाय सांगाला,” ती सावकाश म्हणाली, “तू डहाणूशी आली?”

“हो.”

“बसमदी?”

“हो.”

काळीने नणंदेकडे बघितलं, नणंदेने तिच्याकडे. मग तिने भिंतीला टेकवलेली काठी घेतली, घोट्यावर भार देऊन पाहिला, तोंड वाकडं केलं आणि अंगणाबाहेर पडली. “चाल,” ती मागे न बघता म्हणाली. “अजून बारा जनां हायेत. त्यांना पन तूच सांग. घरां मी दाखवतंय.” प्रभा मागून निघाली. बांधावरून वाट एका माणसापुरती होती, दोन्ही बाजूंची ओली पाती साडीला घासत होती, पुढे काळीची काठी चिखलात रुतत आणि निघत होती. दर दहा पावलांवर ती दम घ्यायला थांबायची आणि प्रभाही थांबायची. पहिलं घर दिसलं तेव्हा काळी बांधावरच उभी राहिली, एक हात तोंडाशी नेला आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, “काकड्या! ए काकड्या! भायेर ये. बाई आलीय, तुना नाय सांगाला!”